नोकरीचा दावा लढवायचाय? आधी कोर्ट शोधा, मग वकील

कामावरून कमी केल्याचं पत्र हातात पडलं की पहिला फोन जातो ओळखीतल्या वकिलाला. तो बहुधा जमिनीचे किंवा घटस्फोटाचे दावे चालवणारा असतो. माणूस भला असतो आणि "एक नोटीस पाठवून देऊ, घाबरतील" असं सांगतो. नोटिशीला उत्तर येत नाही, मग दुसरी जाते. मधे गणपती होतात, दिवाळी होते, आणि कोर्टात जायची मुदत कधीच टळून गेलेली असते.

नोकरीच्या दाव्यांचं खरं नुकसान इथे होतं. चुकीचा वकील मिळण्याचं मूळ कारण असतं चुकीचा प्रश्न. "चांगला वकील कोण?" हा दुसरा प्रश्न झाला. पहिला प्रश्न, "माझं प्रकरण कोणत्या कोर्टात जातं आणि किती दिवसांत?" त्याचं उत्तर आलं की निम्मे वकील आपोआप गळतात. खालचे टप्पे महाराष्ट्रापुरते आहेत आणि त्यांचा क्रम बदलू नये.

टप्पा १. वकील मिळेपर्यंत कशावर सही करायची नाही

राजीनामा लिहून देऊ नका. एचआरच्या केबिनमध्ये "राजीनामा दे, रिलिव्हिंग लेटर चांगलं देतो, नाहीतर टर्मिनेशन लिहावं लागेल" असं गोड आवाजात सांगतात. राजीनामा दिला की कागदोपत्री तुम्ही स्वतःहून गेलात, आणि तो जबरदस्तीनं घेतला हे सिद्ध करण्याचं ओझं तुमच्यावर येतं. सही होऊन गेली असेल तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, ईमेलनं आणि स्पीड पोस्टानं कळवा: राजीनामा दबावाखाली घेतला आहे, मी तो मागे घेतो, कामावर हजर व्हायला तयार आहे. दोन महिन्यांनी लिहिलेल्या अशा पत्राला कोणी विचारत नाही.

तोंडी काढलं असेल तर घाई आणखी हवी. "उद्यापासून येऊ नको" म्हणून गेटवर अडवायचं आणि मागून "हा कामगार न सांगता गैरहजर राहिला" अशी पत्रं जुन्या पत्त्यावर पाठवायची, ही चाल इतकी जुनी आहे की कामगार कोर्टात कोणाला तिचं नवल वाटत नाही. अडवलं त्याच दिवशी लेखी कळवा: अमुक वाजता आलो, गेटवर अमुक माणसानं अडवलं, मी कामावर यायला तयार आहे. कंपनीकडून आलेलं पाकीट घ्यायला नकार देऊ नका. नाकारलेलं पाकीट बहुतेक वेळा मिळालं असंच धरलं जातं, वर आत काय आहे ते तुम्हाला कळतही नाही.

फुल अँड फायनलचे पैसे खात्यात आले तर येऊ द्या. "सर्व हक्क मिळाले, काही तक्रार उरली नाही" अशा छापील पावतीवर मात्र "हरकत राखून स्वीकारले" असं स्वतःच्या अक्षरात लिहिल्याशिवाय सही करू नका.

> सावधान: पुरावा म्हणून ऑफिसच्या फाइली, ग्राहकांच्या याद्या, सर्व्हरवरचा डेटा स्वतःच्या मेलवर ढकलू नका. तुमची नेमणूक, पगार, हजेरी आणि तुम्हाला आलेली पत्रं एवढ्यावरच तुमचा हक्क. बाकी उचललंत तर कंपनीला उलट तक्रार करायला आयती संधी मिळते.

टप्पा २. तुमचं दार कोणतं ते ठरवा

*खाजगी कारखाना, दुकान, कंपनी.* तुम्ही कायद्याच्या भाषेत "कामगार" आहात का, यावर सगळं अवलंबून आहे. ते हुद्द्यावर ठरत नाही, प्रत्यक्ष कामावर ठरतं. व्हिजिटिंग कार्डावर असिस्टंट मॅनेजर छापलेलं असेल, पण दिवसभर तुम्ही यंत्र चालवत असाल, कोड लिहीत असाल, बिलं भरत असाल आणि तुमच्या सहीनं कोणाची रजासुद्धा मंजूर होत नसेल, तर तुम्ही कामगार असल्याचं म्हणणं मांडता येतं. निव्वळ देखरेखीचं काम असेल तर पगाराची मर्यादा लागते. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात ती महिना १०,००० रुपये होती, नव्या औद्योगिक संबंध संहितेत १८,००० आहे.

कामगार असाल तर महाराष्ट्रात आजवर दोन वाटा होत्या. एक, सहायक कामगार आयुक्तांकडे समेटासाठी अर्ज आणि तिथे न मिटल्यास कामगार न्यायालय. दुसरी, १९७१च्या राज्य कायद्याखाली अनुचित कामगार प्रथेची तक्रार, जिला कोर्टात सगळे "यूएलपी" म्हणतात. यूएलपीत अंतरिम, म्हणजे निकालाआधीचा तात्पुरता, आदेश मागता येतो, म्हणून बरेच वकील ती पसंत करतात. बडतर्फीची यूएलपी कामगार न्यायालयात जाते, बाकीच्या प्रथांची औद्योगिक न्यायालयात. वर्षानुवर्षं बदली (दुसऱ्याच्या जागी) किंवा टेम्पररी कामगार म्हणून ठेवल्याची तक्रार असेल आणि कंपनीत मान्यताप्राप्त युनियन असेल, तर ती तिच्यामार्फतच करावी लागते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार श्रमसंहिता लागू झाल्या आहेत; वर आलेली औद्योगिक संबंध संहिता त्यांतलीच. त्यामुळे "मला अमुक तारखेला काढलं, मला जुना कायदा लागतो की संहिता, आणि अर्ज नेमका कुठे करायचा?" हा प्रश्न आता प्रत्येक वकिलाला विचारलाच पाहिजे. जो तारीखही न विचारता "तेच सगळं, काही बदललं नाही" म्हणतो, त्याचं नाव यादीतून काढा.

*कंत्राटी कामगार.* सर्वात जास्त दावे चुकीच्या दारात पडतात ते यांचे. "मी खरा मूळ कंपनीचाच कामगार, ठेकेदार फक्त कागदावर" असं तुमचं म्हणणं असेल आणि कंपनी ते नाकारत असेल, तर थेट यूएलपी टिकत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २००१ साली सिप्ला कंपनीच्या प्रकरणात हे स्पष्ट केलं: आधी नातं सिद्ध करा, तेही औद्योगिक विवादाच्या वाटेनं. तरीही अशा यूएलपी दाखल होतात, वर्षानुवर्षं चालतात आणि "तक्रार चालण्यास पात्र नाही" एवढ्या एका ओळीवर निकाली निघतात. कामगाराची तेवढी वर्षं जातात. तुम्ही कंत्राटी असाल आणि वकिलानं सिप्लाचं नाव स्वतःहून काढलं, तर माणूस या कामातला आहे असं समजायला हरकत नाही.

*सहकारी बँक, साखर कारखाना, कापड गिरणी.* इथे १९४६चा जुना बीआयआर (बॉम्बे इंडस्ट्रियल रिलेशन्स) कायदा आडवा येतो. त्यात कोर्टात जाण्याआधी मालकाला ठरावीक मुदतीत लेखी मागणीपत्र द्यावं लागतं, बोलीभाषेत "अ‍ॅप्रोच लेटर". ते न देता केलेला अर्ज फेटाळला जाऊ शकतो.

*खरेखुरे मॅनेजर, वरिष्ठ अधिकारी.* तुमच्यासाठी कामगार न्यायालय नाही. दिवाणी न्यायालयात करारभंगाचा दावा होतो आणि तिथे खाजगी नोकरी परत मिळत नाही, बहुतेक वेळा नोटीस पे आणि थकीत रक्कम एवढ्यावर भागवावं लागतं. "सरांना पुन्हा खुर्चीवर बसवतो" असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

*सरकारी नोकरी.* राज्य शासनाचे कर्मचारी मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात जातात. त्याची खंडपीठं मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. केंद्राचे कर्मचारी कॅटमध्ये, म्हणजे केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणात. दोन्हीकडे आधी खात्यांतर्गत अपील किंवा निवेदन करावं लागतं. जिल्हा परिषदेचे कर्मचारी मॅटच्या कक्षेत येत नाहीत, हे पुष्कळांना तिथे जाऊन कळतं. एसटीचे कामगार कामगार न्यायालयात जातात.

*खाजगी शाळा.* शिक्षक आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना १९७७च्या कायद्यानं वेगळं शाळा न्यायाधिकरण दिलं आहे. मुदत फक्त ३० दिवस.

आता भेदभावाचं. खाजगी नोकरीतल्या प्रत्येक भेदभावाला लागू होणारा एकच सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही. संविधानातले समानतेचे हक्क मुख्यतः शासनाविरुद्ध मागता येतात. खाजगी कंपनीविरुद्ध उभं राहायचं तर विशिष्ट कायद्याचा आधार लागतो: लैंगिक छळासाठी २०१३चा, अपंगत्वासाठी २०१६चा, एचआयव्हीसाठी २०१७चा, तृतीयपंथी व्यक्तींसाठी २०१९चा, शिवाय प्रसूतीविषयक संरक्षण आणि स्त्री-पुरुष समान वेतन. जातीवरून अपमान झाला असेल तर अ‍ॅट्रॉसिटीचा गुन्हा पोलीस ठाण्यात दाखल होतो, तपास पोलीस उपअधीक्षक दर्जापेक्षा खालचा अधिकारी करू शकत नाही आणि खटला सरकारी वकील चालवतो. नोकरी गेल्याचा दावा मात्र वेगळ्या कोर्टात वेगळा चालतो. दोन्ही कामं एकाच वकिलाला सारखीच जमतील असं धरून चालू नका. फौजदारीत मुरलेला माणूस कामगार न्यायालयात नवखा असू शकतो.

लैंगिक छळाच्या तक्रारीत एक खास गोष्ट: अंतर्गत समितीसमोर दोन्ही बाजूंना वकील आणायला मनाई आहे. वकील तिथे तुमच्या शेजारी बसणार नाही. तक्रारीचा मसुदा, साक्षीदारांची यादी आणि पुढचं अपील यासाठी तो लागतो. आस्थापनेत दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं.

(गोव्यातल्या वाचकांसाठी: १९७१चा यूएलपी कायदा तिकडे लागू नाही. मुंबईच्या नातेवाइकानं सुचवलेला मार्ग तिथे चालेलच असं नाही.)

> तपासा: एका कागदावर हे वाक्य पूर्ण करता येतं का? "मी ___ या आस्थापनेत, प्रत्यक्षात ___ काम करत होतो/होते, ___ तारखेला ___ झालं, मला ___ हवं आहे." शेवटची जागा भरता येत नसेल तर वकिलाकडे जाण्याआधी घरी बसून बोला. नोकरी परत हवी की पैसे घेऊन मोकळं व्हायचंय, यावर दावा कसा मांडायचा ते ठरतं.

टप्पा ३. दिवस मोजा

शाळा न्यायाधिकरण: ३० दिवस.
यूएलपी: घटनेपासून ९० दिवस.
लैंगिक छळाची तक्रार: शेवटच्या घटनेपासून ३ महिने, समितीला कारण पटलं तर आणखी ३.
मॅट आणि कॅट: अंतिम आदेशापासून १ वर्ष, निवेदनाला उत्तरच नसेल तर सहा महिने थांबून त्यापुढे १ वर्ष.
बडतर्फीचा वाद: जुन्या कायद्यात ३ वर्षं, संहितेत २ वर्षं. जुन्या कायद्यात समेटाला ४५ दिवस दिल्यानंतर थेट अर्ज करता येतो.

एकाहून जास्त मुदती लागू होतील अशी शंका असेल तर सगळ्यात लहान मुदत धरा आणि तिच्या निम्म्या काळात वकीलपत्रावर सही झालेली असू द्या. मुदतमाफीचा अर्ज करता येतो, पण मग पहिल्या काही तारखा उशीर का झाला यावरच जातात आणि कंपनीच्या वकिलाला फुकटचा मुद्दा मिळतो.

> सावधान: वकिलाची नोटीस पाठवल्यानं यातली एकही मुदत थांबत नाही. कामगार अधिकाऱ्याकडे साधा तक्रार अर्ज पडून आहे म्हणूनही थांबत नाही.

आदेश आला ते पाकीट फेकू नका. पत्रावरची तारीख आणि पोस्टाच्या शिक्क्यावरची तारीख यात बऱ्याचदा फरक असतो.

टप्पा ४. फाईल लावा

अनुभवी वकील पहिल्या भेटीत कहाणीपेक्षा कागद जास्त बघतो. पिशवीतून चुरगाळलेले कागद एकेक काढत बसलात तर ठरलेला अर्धा तास त्यातच जातो. सगळ्यात वर तारीखवार एक पान ठेवा, असं:

१२ जून २०१७ – हेल्पर म्हणून रुजू. नेमणूक पत्र नाही. ओळखपत्र (पान १).
एप्रिल २०१९ – ऑपरेटरचं काम सुरू, पगार हेल्परचाच. पगार स्लिपा (पान २ ते ९).
३ मार्च २०२३ – उशिरा आल्याबद्दल मेमो. मी माफी लिहून दिली (पान १०).
१८ ऑगस्ट २०२५ – आरोपपत्र (पान ११). उत्तर दिलं (पान १२).

तिसरी ओळ बघा. विरुद्ध जाणारी गोष्ट लोक हमखास लपवतात. कंपनी ती पहिल्याच कैफियतीत, म्हणजे कोर्टातल्या लेखी उत्तरात, मांडणार असते आणि तुमच्या वकिलाला ती तिथे पहिल्यांदा कळली तर त्याची तयारी कोलमडते.

नेमणूक पत्र नसेल तर घाबरायचं कारण नाही. पीएफचं पासबुक काढा; त्यात महिनावार आस्थापनेचं नाव येतं. कंत्राटी कामगारांच्या बाबतीत मधेच ठेकेदार बदलला आणि कामाची जागा तीच राहिली, हे या पासबुकातून जितकं स्वच्छ दिसतं तितकं दुसऱ्या कशातून दिसत नाही. ईएसआयचं कार्ड, बँकेचं स्टेटमेंट, बोनसची पावती, गेटपास, सुरक्षेच्या बुटांची सहीची चिठ्ठी, सगळं चालतं.

व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश मूळ फोनमध्ये राहू द्या. नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि त्या वेळी फोन तुमच्या हातात असणं बरं. म्हणून दावा संपेपर्यंत तो जुना फोन एक्स्चेंजमध्ये देऊ नका.

आणखी एक वही आजच सुरू करा: कुठे नोकरीसाठी अर्ज केला, कोणी काय सांगितलं, मधल्या काळात काय कमावलं. बेकायदा बडतर्फी ठरली तर मागील, म्हणजे मधल्या काळाचा, पगार मिळणं हा सर्वसाधारण नियम, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१३ साली दीपाली गुंडू सुरवसे या शिक्षिकेच्या प्रकरणात सांगितलं. पण त्यासाठी आपण कमावते नव्हतो किंवा कमी पगारावर होतो, हे कर्मचाऱ्यानं आधी मांडावं लागतं. वकिलानं शपथपत्रात हे लिहिलं नाही तर मागील पगारावर पाणी पडू शकतं.

टप्पा ५. नावं कुठून आणायची

सर्वात खात्रीची जागा म्हणजे ते कोर्टच. मुंबईत वांद्रे पूर्वेला, बाकी ठिकाणी तुमच्या जिल्ह्याच्या कामगार न्यायालयात, सकाळी कामकाज सुरू होण्याआधी जा. दाराबाहेर लावलेला बोर्ड वाचा. पुकारा झाल्यावर कोण उभं राहतं, कामगाराच्या बाजूनं कोण आणि कंपनीच्या बाजूनं कोण, ते मागच्या बाकावर बसून बघा. दोन सकाळी एवढं केलंत तर सात-आठ नावं मिळतात आणि कोण साक्षीदाराची उलटतपासणी खरोखर घेतो, कोण नुसती पुढची तारीख मागतो, हेही दिसतं. मॅटचं प्रकरण असेल तर मॅटमध्ये जा, शाळेचं असेल तर शाळा न्यायाधिकरणात.

दुसरी जागा युनियनची कार्यालयं. तुम्ही सभासद नसलात तरी "तुमचे दावे कोण चालवतं?" एवढं विचारता येतं. आणि ज्यांचा निकाल लागून गेलाय असे तुमच्याच एमआयडीसीतले कामगार. ज्यांचा दावा अजून चालू आहे ते वकिलावर एकतर फार खूश असतात किंवा फार चिडलेले, त्यांचं मत अर्धंच धरा.

फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती यांना मोफत वकील मिळतो हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. त्याच कलमात, १९८७च्या कायद्याच्या कलम १२ मध्ये, औद्योगिक कामगारही आहेत, हे मात्र फारच थोड्यांना माहीत असतं. १५१०० या क्रमांकावर फोन करा किंवा जिल्हा न्यायालयाच्या आवारात चौकशी करा. मिळणारा वकील कामगार कायद्याचा हवा, हे अर्जातच लिहा; न लिहिल्यास पॅनेलवरचा कोणीही मिळू शकतो.

> सावधान: "महाराष्ट्रातील नंबर एक लेबर लॉयर" अशी जाहिरात दिसली तर सोडून द्या. वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलच्या नियमांनी बंदी आहे. २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं वकिलांच्या अशा ऑनलाइन जाहिरातींवर कडक ताशेरेही ओढले. तिथले तारे आणि रिव्ह्यू वाचून काही कळत नाही.

टप्पा ६. भेटीआधीची चौकशी

सनद क्रमांक, म्हणजे वकिलीचा नोंदणी क्रमांक, बघा. वकीलपत्रावर आणि शिक्क्यावर तो असतो, शेवटी नोंदणीचं साल असतं. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे तो पडताळता येतो. साल जुनं म्हणजे या कामाचा अनुभव जुना असं नाही, म्हणून ई-कोर्ट्सच्या साइटवर वकिलाच्या नावानं शोधून कोणत्या प्रकारचे दावे आहेत ते पाहा.

मग बाजू. या क्षेत्रात काही वकील प्रामुख्यानं कंपन्यांसाठी उभे राहतात, काही कामगारांसाठी, थोडे दोन्हीकडे. कंपन्यांकडचा वकील वाईट नसतो, त्याला तिकडचे डावपेच माहीत असतात. पण तुमच्याच कंपनीचं, तिच्या भगिनी कंपनीचं किंवा ठेकेदाराचं काम त्यानं कधी घेतलंय का, हे फोनवरच विचारा. उत्तर हो असेल तर कागद दाखवूच नका.

टप्पा ७. पहिली भेट

किमान दोन वकिलांना भेटा. सल्ल्याची फी असेल तर द्या. फुकट सल्ल्यात कागद वाचले जात नाहीत.

तो तुम्हाला काय विचारतो याकडे लक्ष ठेवा. मुरलेला वकील आधी शेवटचं पत्र उलटून तारीख बघतो. मग प्रश्न येतात: हाताखाली किती माणसं? त्यांची रजा कोण मंजूर करायचं? शेवटचा पगार किती, त्यात बेसिक किती? चौकशी झाली का, तुम्ही हजर होता का, साक्षीदारांना प्रश्न विचारू दिले का? वर्षात २४० दिवस भरले का? कंपनीत युनियन आहे का? हे प्रश्न न विचारता कोणी थेट फीवर आला, तर चहा प्या आणि निघा.

तुम्ही विचारायचं ते असं. अर्ज कोणत्या कायद्याखाली, कोणत्या कोर्टात आणि कोणत्या तारखेच्या आत? माझी कमजोर बाजू कोणती? अंतरिम आदेश मागणार का? प्रत्येक तारखेला तुम्ही याल की ज्युनिअर, आणि उलटतपासणी कोण घेणार? कंपनी उच्च न्यायालयात गेली तर तिथेही तुम्हीच का? हा शेवटचा प्रश्न कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या लोकांसाठी सोपा झालाय, कारण ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतं. कमजोर बाजू विचारल्यावर जो "काहीच नाही, शंभर टक्के जिंकतो" म्हणतो, त्याला दावा देऊ नका.

अजून बडतर्फ झाला नसाल, फक्त आरोपपत्र आलं असेल, तर भेट आणखी महत्त्वाची. कंपनीच्या अंतर्गत चौकशीत सहसा वकील चालत नाही. सहकारी कामगार किंवा युनियनचा माणूस बचाव प्रतिनिधी असतो. पण कंपनीनं कायद्याचं शिक्षण घेतलेला अधिकारी उभा केला असेल, तर तुम्हालाही वकील मागता येतो. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या प्रकरणात १९८३ साली सर्वोच्च न्यायालयानं तसं म्हटलंय. मागणी लेखी करा आणि नकारही लेखी मिळवा. चौकशीतल्या कागदांवर, सही करावी लागली तरी, "प्रत मिळाली नाही", "साक्षीदार तपासू दिला नाही" हे तिथेच लिहा. वकिलाला पुढे चौकशी मोडून काढायची असेल तर याच ओळी लागतात.

औद्योगिक विवादाच्या कामात वकील उभा राहायला समोरच्या पक्षाची संमती आणि कोर्टाची परवानगी लागते, हेही ऐकून ठेवा. कंपनीनं आधी स्वतःचा वकील दिला तर ही हरकत सहसा उरत नाही. ती आलीच तर काय करणार, याचं उत्तर वकिलाकडे तयार असलं पाहिजे.

टप्पा ८. फी

तीन पद्धती दिसतात: संपूर्ण दाव्याची ठोक रक्कम, टप्प्याटप्प्यानं (दाखल करताना, पुरावा सुरू होताना, युक्तिवादाला), आणि तारखेगणिक. नोकरी गेलेल्या माणसानं तारखेगणिक फी टाळावी. कामगार न्यायालयात काही न होताच जाणाऱ्या तारखा खूप असतात. टप्प्यांची पद्धत दोघांनाही बरी. टायपिंग, झेरॉक्स, नोटरी, क्लार्कचा खर्च, प्रमाणित नकला हे फीत धरलंय की वेगळं, ते विचारा आणि सगळं एका कागदावर लिहून घ्या. पैसे ऑनलाइन द्या किंवा पावती घ्या.

"आत्ता काही देऊ नका, मागील पगार मिळाला की त्यातले इतके टक्के" हा प्रस्ताव गरजेच्या वेळी देवासारखा वाटतो. बार कौन्सिलच्या नियमांनुसार निकालावर अवलंबून असलेली फी किंवा मिळालेल्या रकमेत वाटा ठरवायला वकिलाला मनाई आहे. आणि तडजोडीची वेळ आली की असा वकील तुमचा विचार करेल की त्याच्या टक्क्यांचा, हा प्रश्न उरतोच.

टप्पा ९. वकीलपत्र आणि त्यानंतर

वकीलपत्र वाचून सही करा. त्यात बहुतेक वेळा तुमच्या वतीनं तडजोड करण्याचा आणि पैसे स्वीकारण्याचा अधिकार छापलेला असतो. "तडजोड माझ्या लेखी संमतीशिवाय नाही" असं हातानं लिहा. चांगला वकील याला हरकत घेत नाही.

> तपासा: कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या शपथपत्रावर सही केलेली नाही ना? मूळ कागद दिले असतील तर त्यांची यादी करून पोच घेतली आहे ना?

दाखल झाल्यावर दावा क्रमांक त्याच आठवड्यात मागा. "फाईल केलंय" म्हणजे टंकलिखित प्रत तयार आहे, इतकाच अर्थ कधीकधी निघतो. क्रमांक मिळाला की प्रकरणाची स्थिती अधूनमधून स्वतः बघा आणि मधूनच एखाद्या तारखेला कोर्टात हजर राहा. त्या दिवशी काय झालं ते रोजनाम्यात लिहिलेलं असतं. शंका आली तर नकलेसाठी अर्ज करा. अर्जदार गैरहजर म्हणून दावा निकाली निघाल्याचं वर्षभरानं कळणारे लोक दर महिन्याला कोर्टाच्या पायऱ्यांवर भेटतात.

शपथपत्र मराठीत समजून घेतल्याशिवाय सही नको. उलटतपासणीत त्यातल्या प्रत्येक वाक्याबद्दल तुम्हाला विचारलं जाणार, वकिलाला नाही. पत्ता किंवा फोन बदलला तर वकिलाला मेसेज करा, आणि रोज फोन करू नका. तारखेच्या दोन दिवस आधी एक मेसेज पुरतो.

टप्पा १०. वकील बदलायची वेळ आली तर

आधी लेखी विचारणा करा: अमुक तारखेला काय झालं, पुढे काय. पंधरा दिवसांत उत्तर नसेल तर नवा वकील बघा, पण जुन्याचं काम नवा वकील ठरल्याशिवाय काढू नका, मधली एखादी तारीख रिकामी जाते. जुन्या वकिलाकडून ना हरकत घेण्याचा रिवाज आहे. फी बाकी आहे म्हणून तो तुमची फाईल अडवून ठेवू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २००० सालीच तसा निकाल दिलाय. फीचा वाद असेल तर त्यानं तो वेगळा लढावा.

गंभीर गैरवर्तन असेल, म्हणजे पैसे लाटले, समोरच्याशी संधान बांधलं, दावा न लावताच तारखा सांगितल्या, तर अ‍ॅडव्होकेट्स कायद्याच्या कलम ३५ खाली राज्य बार कौन्सिलकडे तक्रार करता येते. ग्राहक मंचात जाण्यात अर्थ नाही; २०२४च्या निकालानंतर वकिलांची सेवा त्या कायद्याखाली येत नाही. तक्रारीसोबत टप्पा ८ मधला फीचा कागद, ऑनलाइन पैसे दिल्याच्या नोंदी आणि रोजनाम्याच्या नकला जोडा.